बुद्धिबळाचा जुना डाव व नवा डाव



परभणी जिल्ह्यांत गोदेच्या कांठीं वसलेलें गंगाखेड हें माझें आजोळ. तेथील वाड्याच्या ओसरीवर उन्हाळ्याच्या सुट्टींत रोज तिसऱ्या प्रहरीं बुद्धिबळाचा पट मांडला जात असे. पट कापडाचा होता. त्यावर काळ्यापांढऱ्या चौकटी नव्हत्या, नुसत्या शिवणीच्या रेघांनीं चौसष्ट घरें आंखलेलीं होतीं. खेळणारे दोघे आणि सल्ला देणारे दहा, असा तो दरबार असे. एके दिवशीं गांवांत नव्यानेंच बदलून आलेले एक शिक्षक आजोबांसमोर खेळावयास बसले आणि त्यांनीं पहिल्याच खेळींत राजापुढील प्यादें दोन घरें पुढें सारलें. आजोबांनीं तें शांतपणें उचलून एक घर मागें ठेविलें व ते म्हणाले, “गुरुजी, प्यादें पायीं चालतें, त्याला उडी नाहीं.” गुरुजी म्हणाले, “अण्णा, आतां हा नियम बदलला आहे.” त्यावर आजोबांनीं विचारलें, “बदलला कोणीं? आणि आम्हांला न विचारतां कसा बदलला?”

या प्रश्नाला गुरुजींजवळ उत्तर नव्हतें. त्या दिवशीं डाव जुन्या नियमांनीं झाला व गुरुजी हरले. दुसऱ्या दिवशीं तो नव्या नियमांनीं झाला व आजोबा हरले. गुरुजींचा राजा एकाच खेळींत दोन घरें सरकून हत्तीच्या आड जाऊन बसला, तेव्हां आजोबांच्या मुद्रेवर उमटलेलें आश्चर्य मला अद्यापि आठवतें. पुढें त्या दोघांनीं वारांची वांटणी करून घेतली, एक दिवस जुना डाव व एक दिवस नवा. परंतु नवा डाव जुन्याहून खरोखर इतका सरस आहे काय, कीं त्याच्यासाठीं जुना टाकून द्यावा, हा वाद त्या ओसरीवर कधींच मिटला नाहीं. दोघेही आज हयात नाहींत. त्यांच्या त्या वादाचा इतिहासाच्या आधारानें निवाडा करून पाहावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण ज्याला जुनें बुद्धिबळ म्हणतों तें एकच नाहीं. या खेळाच्या निदान तीन पिढ्या झाल्या आहेत, आणि आजोबांचा डाव हा त्यांतील मधल्या पिढीचा होता. पहिली पिढी चतुरंगाची व त्यापासून निघालेल्या शतरंजाची. दुसरी आपल्याकडील देशी डावाची. तिसरी आज जगभर चालणाऱ्या डावाची. कोणत्या पिढीनें कोणत्या पिढीवर किती सुधारणा केली, हें वेगवेगळें पाहिल्यावांचून निवाडा होणार नाहीं.

पहिल्या पिढीचा इतिहास आपल्या देशांतच सुरू होतो. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांच्या सेनेवरून खेळाला चतुरंग हें नांव पडलें. सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत चतुरंगाचा श्लेषानें उल्लेख केला आहे, म्हणजे त्या वेळीं हा खेळ वाचकांच्या चांगल्या परिचयाचा असला पाहिजे. आपल्या भागाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें इ. स. ११३० च्या सुमारास तो रचला, आणि त्यांत राजाच्या विनोदांचें वर्णन करतांना चतुरंगाचाही सविस्तर विचार केला. त्या वेळीं मराठवाड्याचा मोठा भाग याच चालुक्यांच्या सत्तेखालीं होता. पुढें सतराव्या शतकांत नीलकंठ भट्टांनीं ‘भगवंतभास्कर’ नांवाच्या धर्मशास्त्राच्या थोर ग्रंथांत नीतीचें प्रकरण लिहितांना बुद्धिबळालाही जागा दिली. नीलकंठ भट्ट काशींत राहत. पण त्यांचें घराणें मूळचें पैठणचें. राजनीतीच्या ग्रंथांत खेळाचे नियम यावेत, यांत कांहीं नवल नाहीं. आमच्या पूर्वजांनीं हा खेळ नुसता करमणुकीचा मानला नव्हता.

दरम्यान चतुरंग इराणांत गेला व तेथून अरबांच्या हातीं पडून शतरंज या नांवानें पश्चिमेकडे पसरला. मौज अशी कीं, तोच खेळ फारशी पोशाख करून पुन्हां आपल्या घरीं आला. आपल्या तोंडचे शह, मात, प्यादें, वजीर, फर्जी हे सारे शब्द त्या पोशाखांतले. शतरंजांत पटाच्या कोपऱ्यांत रुख असे, आणि राजा-फर्जीच्या दोहों अंगांस हत्ती असत. आपल्याकडे कालांतरानें हत्ती कोपऱ्यांत गेला व त्याच्या जुन्या जागीं उंट येऊन उभा राहिला. मराठी मुलगा आज कोपऱ्यांतल्या मोहऱ्याला हत्ती म्हणतो, तेव्हां हजार वर्षांचा प्रवास तो एका शब्दांत उच्चारीत असतो.

या पहिल्या पिढीच्या खेळांत राजाशेजारील मंत्री, म्हणजेच फर्जी, अगदीं दुबळा होता. तो तिरपा चाले व एका वेळीं एकच घर चाले. पटाच्या मध्यावर ठेविला तरी त्याला जावयास चारच घरें. आणि साऱ्या पटाचा विचार केला तर चौसष्टांपैकीं फक्त बत्तीस घरांना त्याचे पाय लागूं शकत. शतरंजांतील हत्तीची स्थिति याहून केविलवाणी होती. तो मधलें घर ओलांडून तिरप्या दुसऱ्या घरांत उडी मारी, त्यामुळें जन्मभर फिरला तरी पटावरचीं आठच घरें त्याच्या वांट्याला येत. फौजा एकमेकींना भिडण्यासच फार वेळ लागे. म्हणून अरब खेळाडूंनीं आरंभींच्या ठराविक रचना बसवून ठेविल्या होत्या. तेथवर पोचल्याखेरीज खऱ्या लढाईला तोंड लागत नसे.

त्या दुबळ्या फर्जीची एक आठवण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाला येऊन भिडते. इ. स. १५९७ च्या आरंभीं पाथरीच्या परिसरांत आष्टीजवळ मोंगलांची व दक्षिणी फौजांची मोठी लढाई झाली. एका बाजूस अकबराचा सेनापति अब्दुर्रहीम खानखानान. दुसऱ्या बाजूस विजापूरचा सुहेलखान आणि त्याच्या मदतीस निजामशाही व कुतुबशाही सैन्य. मोंगलांच्या बाजूनें लढतांना खानदेशचा राजा अलीखान पहिल्या दिवशीं पडला. अंधारांत जय कोणाचा हेंच कळेना. दुसऱ्या दिवशीं खानखानानानें मैदान मारलें. हा खानखानान म्हणजेच हिंदी दोह्यांचा कवि रहीम. त्याच्या नांवावर चालत आलेल्या एका दोह्यांत हलक्या मनुष्याला मोठेपण मिळालें म्हणजे तो कसा ताठतो, हें सांगतांना प्याद्याचा फर्जी झाला कीं तो तिरपातिरपा चालूं लागतो, असा दाखला दिला आहे. दाखल्याचें मर्म जुन्या नियमांत आहे. प्यादें सरळ चालतें. फर्जी सरळ चालूंच शकत नाहीं. म्हणून बढती मिळतांच चालच बदलते. आजच्या वजिराला सरळ आणि तिरपी अशा दोन्ही वाटा मोकळ्या असल्यामुळें आजच्या मुलाला या दोह्यांतली खोंच समजावून द्यावी लागते. नियम बदलला म्हणजे त्याच्याबरोबर भाषेंतला एखादा दाखलाही मुका होतो, हा नव्या डावाचा पहिला तोटा होय. पण तो खेळाचा नव्हे, भाषेचा.

आतां सुधारणेकडे वळूं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन व इटली या देशांत कोणा अज्ञात खेळाडूंनीं दोन मोहऱ्यांचीं बंधनें तोडून टाकिलीं. फर्जीच्या जागीं तेथें पूर्वींच राणी बसली होती. तिला आतां आठही दिशांनीं हवें तितकें लांब जाण्याची मुभा मिळाली. आपण ज्याला उंट म्हणतों त्या मोहऱ्यालाही तिरप्या रेघेवर मोकळें रान मिळालें. या दोन फेरफारांचा परिणाम आंकड्यांनीं पाहा. पटाच्या मध्यावर उभ्या असलेल्या जुन्या फर्जीच्या माऱ्यांत चार घरें होतीं. नव्या राणीच्या माऱ्यांत सत्तावीस आलीं. जुन्या हत्तीच्या माऱ्यांत चार होतीं. नव्या उंटाच्या माऱ्यांत तेरा आलीं. जो डाव भिडण्यास वेळ लावी तो चार-दोन खेळींत पेटूं लागला. १४९७ सालीं सालामांका येथें लुसेना नांवाच्या स्पॅनिश लेखकानें छापलेल्या पुस्तकांत जुन्या व नव्या अशा दोन्ही नियमांचे डाव शेजारीं शेजारीं दिलेले आहेत. म्हणजे त्या देशांतही एके काळीं आमच्या ओसरीसारखीच वारांची वांटणी चालली होती. इटलींतील लोकांनीं या नव्या डावाला पिसाळलेलें बुद्धिबळ असें नांव दिलें होतें. नवा नियम प्रथम वेडाचाच वाटतो, हा अनुभव केवळ आमच्या आजोबांचा नव्हता.

ही पहिली सुधारणा खरी आणि मोठी होती, याविषयीं मला संशय नाहीं. तिनें मोहऱ्यांची संख्या वाढविली नाहीं, पट वाढविला नाहीं, नवें सोंगटें आणिलें नाहीं. आहे त्यांतल्याच दोन दुबळ्या गड्यांना बळ दिलें, आणि तेवढ्यानें सारा खेळ जागा झाला. थोड्या फेरफारानें पुष्कळ साधणें हीच सुधारणेची खरी कसोटी होय. जी सुधारणा दहा नवीं कलमें घालून एकच काम करते ती सुधारणा नसून पसारा असतो.

या कसोटीवर तिसरी पिढी दुसरीशीं ताडून पाहूं. एकोणिसाव्या शतकांत आपल्याकडे जो देशी डाव रूढ होता, त्यांत बळकट वजीर व लांब चालीचा उंट हे आलेलेच होते. आजोबांच्या पटावरील वजीर गुरुजींच्या वजिराइतकाच समर्थ होता. फरक राहिला तो मुख्यतः चार बाबतींत, आणि त्यांतही गांवोगांवीं थोडा भेद असे. देशी डावांत प्यादें बहुधा एकच घर चाले. राजाला किल्लेकोट नव्हता. त्याऐवजीं शह बसण्यापूर्वीं एकदांच घोड्याप्रमाणें उडी मारण्याचा हक्क होता. शेवटच्या घरांत पोचलेलें प्यादें ज्या मोहऱ्याच्या ओळींत पोचलें तें मोहरें बने. हत्तीच्या ओळींत हत्ती, घोड्याच्या ओळींत घोडा. आणि चौथें, शत्रूचीं सर्व मोहरीं मारून त्याचा राजा उघडा पाडला तर त्याला बुर्जी म्हणत; तो पुरा विजय मानीत नसत. प्याद्यानें केलेली मात सर्वांत मानाची.

नव्या डावानें या चारही गोष्टी बदलल्या. त्यांत काय मिळालें व काय गेलें? प्याद्याला आरंभीं दोन घरांची मुभा दिल्यानें वेळ वांचला, हें खरें. पण तिच्यामुळें एक नवी अडचण उभी राहिली. दोन घरें उडून जाणारें प्यादें शत्रूच्या प्याद्याच्या माऱ्यांतून निसटूं लागलें. तें अन्याय्य वाटल्यामुळें जातां जातां मारण्याचा आणखी एक नियम करावा लागला. आजही नवशिक्या मुलाला सर्वांत उशिरां समजणारा नियम हाच आहे. म्हणजे येथें एका सुधारणेला दुसऱ्या सुधारणेचें ठिगळ लावावें लागलें. देशी डावांत त्या ठिगळाची गरजच नव्हती.

किल्लेकोटाचें तसें नाहीं. त्यानें राजा सुरक्षित जागीं जातो आणि कोपऱ्यांत अडकलेला हत्तीही त्याच खेळींत मोकळा होतो. एका दगडांत दोन पक्षी. मात्र देशी राजाच्या उडींतही एक बारीक रस होता. पहिला शह बसतांच तो हक्क बुडे. म्हणून आरंभींचा साधा शहसुद्धां मोलाचा ठरे आणि बचाव करणारा पहिल्यापासून सावध राही. आज शह बसला व तो मोहरें आड घालून निवारला, तर किल्लेकोटाचा हक्क शाबूत राहतो. प्याद्याच्या बढतीचेंही तसेंच आहे. आतां कोणतेंही प्यादें कोठेंही पोचो, तो वजीरच बहुधा होतो. त्यामुळें डावाचा शेवट लवकर लागतो. देशी डावांत प्याद्यानें कोठें पोचावें यालाही महत्त्व असे, आणि त्याकरितां शेवटच्या खेळींत फार दूरचा विचार करावा लागे. राहिला बुर्जीचा नियम. त्याचें सौंदर्य नव्या डावानें कायमचें गमावलें असें मी म्हणेन. शत्रूला नागविणें सोपें, पण त्याच्या हातीं कांहीं शिल्लक ठेवून त्याला जिंकणें कठीण. आणि मान त्या कठीण गोष्टीला दिलेला होता.

तेव्हां हिशेब असा दिसतो कीं, पहिल्या पिढीवर दुसरीनें केलेली सुधारणा फार मोठी. दुसरीवर तिसरीनें केलेली सुधारणा, खेळ म्हणून पाहतां, बेताचीच. मग तिसरी पिढी जिंकली कशी? आपल्या देशावर परकी राज्य आलें म्हणून परका खेळ आला, असें सरळ उत्तर देतां येईल. सत्यजित राय यांनीं १९७७ सालीं प्रेमचंदांच्या कथेवर काढलेल्या ‘शतरंज के खिलाडी’ या चित्रपटांत अयोध्येच्या नबाबाचें राज्य बुडत असतां दोन सरदार अखेर विलायती नियमांनीं डाव मांडतात, हें आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. रूपक सुंदर आहे; पण इतिहासाचें उत्तर तेवढ्यावर संपत नाहीं.

१८१४ सालीं, पुण्यास दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू असतांना, मुंबईंत एक इंग्रजी पुस्तक छापलें गेलें. त्रिवेंगडाचार्य शास्त्री नांवाच्या पंडितानें बुद्धिबळाच्या अवघड स्थितींवर संस्कृतांत लिहिलेल्या ग्रंथाचें तें भाषांतर होतें, आणि तें युरोपांतील रीतीला जुळवून घेतलें आहे असें त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितलेलें होतें. पेशवाई बुडण्यास अद्याप चार वर्षें होतीं. म्हणजे एका शास्त्र्याची विद्या दुसऱ्या देशाच्या नियमांत उतरविण्याचें काम पराभवाच्या आधींच सुरू झालें होतें. हें गुलामीचें लक्षण मानण्यापेक्षां आपला माल परक्या बाजारांत मांडण्याची हुशारी मानणें मला अधिक योग्य वाटतें.

त्यानंतरचें उदाहरण बंगालचें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यास जॉन कॉक्रेन नांवाचा एक नाणावलेला स्कॉटिश खेळाडू वकिली करीत असे. त्याच्यापुढें महेशचंद्र बॅनर्जी हे खेळावयास बसले. ते देशी डावांत वाढलेले होते. प्यादें एक एक घर सरकविण्याची हाताला संवय. तेव्हां त्यांनीं नव्या नियमांतही घोड्यापुढील प्यादें एकच घर पुढें घ्यावें, मागच्या मोकळ्या घरांत उंट बसवावा, आणि प्रतिपक्षाला मध्यभाग व्यापूं देऊन दुरून त्यावर मारा करावा. युरोपीय पंडितांना ही रीत विचित्र वाटे. पण १८५५ सालीं बॅनर्जींनीं ज्या मांडणीनें कॉक्रेनला तोंड दिलें, तीच मांडणी १९२२ सालीं ऑस्ट्रियाच्या ग्रुनफेल्डनें पुन्हां आणिली व तिला त्याचें नांव मिळालें. या जातीच्या बचावांना आजही साऱ्या जगांत भारतीय बचाव असें म्हणतात. पाहा, देशी नियम गेला. पण देशी नियमानें लावलेली संवय नव्या डावांत शिरली, आणि तिनें नव्या डावालाच श्रीमंत केलें.

तिसरें उदाहरण पंजाबच्या मीर सुलतानखानाचें. लहानपणीं वडिलांकडून देशी डाव शिकलेला हा तरुण एका जमीनदाराच्या पदरीं होता. विलायती नियम त्यानें पुष्कळ उशिरां, तरुणपणीं शिकले. १९२९ सालीं तो इंग्लंडास गेला आणि त्याच वर्षीं ब्रिटिश अजिंक्यपद जिंकून बसला; पुढें १९३२ व १९३३ सालीं तें त्यानें पुन्हां मिळविलें. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या सामन्यांत त्यानें माजी जगज्जेता कापाब्लांका यास हरविलें. डावाच्या आरंभाचें पुस्तकी ज्ञान त्याला बेताचेंच होतें. पण डाव शेवटाकडे झुकला म्हणजे त्याची चिकाटी व दूरदृष्टि कोणाला आटोपत नसे. हा गुण त्याला कोठें लाभला असेल, याचा अंदाज बुर्जीच्या व ओळीप्रमाणें होणाऱ्या बढतीच्या नियमांवरून आपण करूं शकतों. १९३३ अखेर तो परत आला, व १९६६ सालीं त्याच्या मृत्यूपर्यंत जगानें त्याला बहुतेक विसरून टाकिलें. २०२४ सालीं जागतिक बुद्धिबळ महासंघानें त्याला मरणोत्तर सन्माननीय ग्रँडमास्टर ही पदवी दिली.

या तीन माणसांच्या चरित्रांतून मला नव्या डावाच्या विजयाचें खरें कारण दिसतें. देशी डाव गांवोगांवीं निराळा होता. एका गांवचा पटाईत दुसऱ्या गांवीं गेला म्हणजे पहिला अर्धा तास नियम ठरविण्यांतच जाई. आणि हरणारा नियमांकडे बोट दाखवी. नव्या डावानें खेळाची गोडी फारशी वाढविली नसेल. पण दोन अनोळखी माणसांना एक शब्द न बोलतां समोरासमोर बसून निवाडा करून घेण्याची सोय दिली. १९२४ सालीं पॅरिस येथें जागतिक महासंघ स्थापन झाला. आपल्याकडे १९५५ सालीं एलुरू येथें पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तींत रामचंद्र सप्रे व डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. सर्वत्र एकच नियम नसता तर ही चढाओढ शक्य झाली नसती. दुसरी गोष्ट लेखनाची. नव्या डावांत प्रत्येक खेळी टिपून ठेवण्याची शिस्त आहे. म्हणून बॅनर्जींचे डाव आज आपण मांडून पाहूं शकतों. गंगाखेडच्या ओसरीवर किती अप्रतिम माती झाल्या असतील! त्यांतली एकही आज कोणाला मांडतां येणार नाहीं.

या एकाच नियमाचें फळ आपल्या डोळ्यांसमोर आहे. २०२५ च्या जुलै महिन्यांत नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जिया देशांतील बातुमी येथें महिलांचा विश्वचषक जिंकून आली आणि तेथेंच ग्रँडमास्टर झाली. अंतिम सामन्यांत तिच्यासमोर आपलीच कोनेरू हंपी होती. दोघी जर आपापल्या गांवच्या नियमांचा आग्रह धरून बसल्या असत्या तर तो सामना सुरूच झाला नसता.

म्हणून माझा निवाडा असा : नवा डाव जुन्याहून पुरेसा सरस आहे, पण त्याचें सरसपण मोहऱ्यांच्या चालींत थोडें आणि माणसांच्या मेळांत फार आहे. जो त्याला केवळ अधिक वेगवान म्हणून श्रेष्ठ मानतो तो अर्धेंच पाहतो. आणि जो त्याला परका म्हणून झिडकारतो तोही अर्धेंच पाहतो. आजोबांच्या प्रश्नाचें उत्तर आतां मला देतां येईल. “नियम बदलला कोणीं?” असें त्यांनीं विचारलें होतें. कोणा एकानें तो बदलला नाहीं. शतकानुशतकें पटावर बसलेल्या असंख्य खेळाडूंच्या हातांनीं तो बदलला. आणि आजोबांच्या वजिरालाही पूर्वीं कोणीं आम्हांला विचारून बळ दिलें नव्हतें, सोमेश्वराला अथवा खानखानानाला तो दाखविला असता तर “हा कोण पिसाळलेला?” असें त्यांनींही विचारलें असतें. ज्याला आजोबा जुनें म्हणत होते तेंही एके काळीं नवेंच होतें.

मात्र एक काम उरलें आहे व तें तांतडीचें आहे. १८७१ सालीं औरंगाबाद, म्हणजे आजचें छत्रपति संभाजीनगर, येथें हरिकृष्ण शर्मा या पंडितांनीं ‘क्रीडाकौशल्य’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचून आपल्या काळचे पुष्कळ पटावरील खेळ लिहून ठेविले. मराठवाड्यांत हें काम एकदां झालेलें आहे. परंतु पाथरी, सेलू, मानवत, जिंतूर, पूर्णा येथील घरोघरच्या देशी डावांतले बारीक भेद पुष्कळसे तोंडींच राहिले. ज्यांना ते ठाऊक आहेत अशीं माणसें आतां ऐंशीच्या पुढचीं आहेत. माझ्या आजोबांच्या घरीं बुर्जी झाल्यावर पुढें काय मानीत, हें मीं त्यांना विचारलें नाहीं. आणि आतां विचारावयास कोणी नाहीं. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा कोणी वृद्ध खेळाडू असेल त्यांनीं एका संध्याकाळीं पट मांडून त्याच्यासमोर बसावें, एक डाव त्याच्या नियमांनीं खेळावा, आणि उठण्यापूर्वीं ते नियम एका वहींत टिपून ठेवावेत. नव्या डावाकडून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट ती टिपून ठेवण्याची शिस्तच आहे. ती आपण जुन्या डावाच्या उपयोगीं आणूं या.